कोयता निघण्याआधी : ऊसतोड कामगारांच्या लेकरांची शाळा सुटू नये म्हणून काय करायचं

दसरा झाला की आमच्या डोंगरपट्ट्यात रात्री-अपरात्री ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. ट्रॉलीत आधी पत्रे आणि बांबू चढतात, मग पाण्याचा ड्रम, ज्वारीचं पोतं, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि सगळ्यांत वर लेकरं. काही वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॉलीत माझ्या वर्गातली चौथीची मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. "बाई, मी तिकडं वाचीन," म्हणाली. पाडव्याच्या आसपास परत आली तेव्हा त्याच दप्तरात धाकट्या भावाची दुपटी होती. पुस्तकं कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, पाणी शिरलं तेव्हा भिजली. जाताना ती गोष्ट सरसर वाचायची, आल्यावर जोडाक्षराशी अडायला लागली.

त्या दिवशी ट्रॉलीपाशी उभी राहून मी बरंच काही बोलले होते. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाली होती, बाळाला कोण सांभाळणार हे ठरून गेलं होतं. लेकराचं वर्ष ट्रॉली निघताना हातून जात नाही, ते त्याच्या दोन महिने आधी जातं. म्हणून खाली लिहिलेली बहुतेक कामं पोळा ते दिवाळी या काळातली आहेत. शिक्षकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी, गावातल्या शिकलेल्या पोरापोरींसाठी आणि कारखान्याच्या बाजूला राहणाऱ्यांसाठीही हे लिहिते आहे.

आधी हे संकट कसलं आहे ते

बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज हे तालुके, शेजारचे पाथर्डी, जामखेड, भूम, परंडा हा सगळा बालाघाटचा आणि त्याच्या अंगाखांद्यावरचा पर्जन्यछायेचा पट्टा. जमीन हलकी, जिरायती. १९७२च्या दुष्काळानंतर इथून ऊसतोडीला जाणं वाढलं आणि २०१२-१३, २०१५-१६, २०१८ अशा प्रत्येक कोरड्या वर्षाने आणखी घरं बाहेर काढली. पूर आला, भूकंप झाला तर मदतीला गाड्या येतात. हे संकट दरवर्षी येतं, म्हणून ते कुणाला संकट वाटत नाही.

गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधीच उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडप्याला हलता येत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, शिवाय कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, जिथे टोळी जाईल तिथे बिऱ्हाड. पहाटे चार वाजता आई-बाप फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, जातात आणि कोपीत राहतं एक आठ-दहा वर्षांचं मूल, त्याच्या कडेवर दीड वर्षाचं दुसरं.

पहिलं काम : यादी, पोळ्याच्या आसपास

शाळेच्या हजेरीवरून यादी करू नका, घरोघर फिरून करा. एक शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक घराला एक पान द्या. त्यावर एवढं लिहा: घरात शाळेच्या वयाची लेकरं किती, कोण कितवीत, तान्हं किंवा अंगणवाडीच्या वयाचं लेकरू आहे का, आजी-आजोबा आहेत का आणि त्यांना चालता-फिरता येतं का, मुकादम कोण, कोणत्या कारखान्याला जाणार, बैलगाडीने, ट्रॅक्टरने की डोकी सेंटरला (म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरायला), फोन कोणाकडे असतो.

तान्ह्याचा आणि आजीचा रकाना लोक सोडून देतात. माझ्या मते सगळी वही त्या दोन रकान्यांवर उभी आहे. ज्या घरात तान्हं आहे आणि आजी नाही, त्या घरातली मोठी मुलगी जाणार हे जवळपास ठरलेलं असतं.

मुकादमाला टाळू नका. कोण कुठे जाणार याची पक्की माहिती त्याच्याकडेच असते. तो तुमच्याच गावचा, तुमच्या भावकीतला असतो. त्याच्या ओट्यावर बसून चहा घ्या, टोळीची यादी मागा. "पोरांना ठेवून जा म्हणावं तुम्हीच," एवढं त्याच्या तोंडून गेलं तर आमच्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त चालतं.

दुसरं काम : घरात बसून बोलणं

"लेकराला शिकवा" हे सांगायला जाऊ नका. त्यांना ते माहीत आहे, आपला कोयता पोराच्या हाती येऊ नये असं त्यांनाच सगळ्यांत जास्त वाटतं. विचारायचं ते असं: "ठेवून जायचं म्हटलं तर अडतं कुठं?" आणि मग गप्प बसायचं. उत्तर येतं. आमच्याकडे चारच उत्तरं फिरून फिरून आली.

एक, जेवायचं काय. आजीला दोन वेळच्या भाकरी थापवत नाहीत. याला उत्तर हंगामी वसतिगृह, त्याचं पुढे सविस्तर सांगते. आजीच्या घरातल्या धान्याचंही बघा. एक देश एक रेशनकार्ड व्यवस्थेत कार्डावरचं काही धान्य कारखान्याच्या गावी आणि उरलेलं इकडे घरच्यांना उचलता येतं. जाण्याआधी आजीचं नाव कार्डावर आहे ना, तिचा आधार जोडलेला आहे ना, अंगठा उमटतो ना, हे रेशन दुकानात तिला घेऊन जाऊन बघा. म्हाताऱ्या हातांचे ठसे मशीन घेत नाही, हे डिसेंबरात कळलं तर उशीर होतो.

दोन, बाळाला कोण सांभाळणार. हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे आणि याला गावात बसून पूर्ण उत्तर नाही. त्याच टोळीतली एखादी वयस्कर बाई फडात न जाता चार-पाच घरांची तान्ही सांभाळेल का, तिला प्रत्येक कोयत्याने थोडं-थोडं द्यावं का, हे टोळीच्या बैठकीत मांडा. आमच्याकडच्या दोन टोळ्यांनी हे केलं आणि त्या वर्षी पाच मुली गावात राहिल्या.

तीन, मुलगी वयात आलीय, तिला कुणाच्या भरवशावर ठेवू. ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. मुलगी कुठे झोपणार, रात्री सोबत कोण, शौचाला जाताना काय, याचं ठरलेलं उत्तर घेऊनच त्या घरी जा. उत्तर नसेल तर आधी ते तयार करा.

चार, आम्हालाच करमत नाही. याला काही उत्तर लागत नाही. दर रविवारी फोनवर लेकराशी बोलणं करून देऊ, एवढा शब्द द्या आणि तो पाळा.

तिसरं काम : हंगामी वसतिगृह नीट चालवणं

हंगामी वसतिगृह हे समग्र शिक्षा अभियानातून चालतं आणि ते चालवते गावची शाळा व्यवस्थापन समिती. वसतिगृह म्हटलं तरी स्वतंत्र इमारत बहुधा नसते. दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारात होतं, सकाळ-संध्याकाळचं वसतिगृहात, आणि बरीच लेकरं झोपायला आजीकडे जातात. कल्पना साधी आणि चांगली आहे. घोडं अडतं ते दोन ठिकाणी, वेळ आणि विश्वास.

वेळेचं आधी. समितीचा ठराव, विद्यार्थ्यांची यादी, पालकांची संमतीपत्रं आणि जागेचा तपशील घेऊन केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव सप्टेंबरमध्येच द्या आणि पोच घ्या. तारखेचा शिक्का असलेली ती पोच फार कामाची असते. मंजुरी येईपर्यंत ट्रॉली थांबत नाही, हे ध्यानात ठेवून पहिल्या महिन्याचा किराणा कुठून येणार ते ठरवून ठेवा. आमच्या गावात किराणा दुकानदार उधारीवर द्यायला तयार झाला, कारण समितीच्या अध्यक्षांनी चारचौघांत शब्द दिला. ज्या गावात असा माणूस नाही तिथे प्रत्येक घरामागे चार पायली ज्वारी गोळा करूनही पहिले तीन आठवडे निघतात. आई-बाप गेल्यावर पहिल्या आठवड्यात जेवण सुरू झालं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी मामा येऊन लेकराला कारखान्याला पोचवून येतो.

विश्वासाचं असं की, पटावर साठ आणि पंगतीला पंचवीस अशी वसतिगृहं लोकांनी पाहिली आहेत. एकदा तसं झालं की गाव पुन्हा विश्वास ठेवत नाही. म्हणून रोज संध्याकाळच्या पंगतीची हजेरी फळ्यावर लिहा, ज्या फळ्याकडे रस्त्यावरून जाणाऱ्याचं लक्ष जाईल. आठवड्याचा जेवणाचा तक्ताही तिथेच लावा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्यांतल्या दोन आज्या निवडा आणि रोज एकीने जेवण चाखायचं ठरवा. आज्यांच्या जिभेला फसवता येत नाही.

संध्याकाळी पाच ते आठ हा वेळ मोकळा सोडू नका. लेकराला आईची आठवण नेमकी दिवेलागणीला येते. त्या वेळी आधी खेळ, मग अभ्यास, मग जेवण असा क्रम ठेवा. गावातली बारावी झालेली मुलगी या तीन तासांसाठी बसली तर निम्मं काम होतं. माझ्या शाळेत पहिल्या वर्षी एक पहिलीतला मुलगा रोज संध्याकाळी दप्तर भरून फाटकाशी जाऊन उभा राहायचा. त्याला आम्ही कंदील पुसायचं काम दिलं. वीज असली तरी दिलं. आठ दिवसांत तो फाटकाकडे जायचा थांबला.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, प्रत्येक तालुक्यात एक मुलींचं, एक मुलांचं. ती टप्प्याटप्प्याने सुरू होत गेली. आपल्या तालुक्यात सुरू झालं आहे का, जागा किती, हे समाजकल्याण कार्यालयात जूनमध्येच विचारा. हंगामाच्या तोंडावर विचारलं तर जागा भरलेल्या असतात.

चौथं काम : जे जाणारच आहेत त्यांचे कागद

सगळी लेकरं थांबणार नाहीत. जाणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नका.

त्याचा दाखला काढू नका आणि पटावरून नावही कमी करू नका. त्याऐवजी शिक्षण हमी पत्रक द्या. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात ही सोय आहे. हे पत्रक दाखवलं की तिकडच्या शाळेने लेकराला त्याच्या वर्गात बसवून घ्यायचं आणि परत येताना तिथली हजेरी आणि प्रगती नोंदवून द्यायची. पत्रकावर मुलाचं नाव, इयत्ता, सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंद प्रणालीतली नोंद, अकरा अंकी कायम शिक्षण क्रमांक, शाळेचा यू-डायस क्रमांक आणि मुख्याध्यापकांचा चालू फोन नंबर असू द्या. मागच्या कोऱ्या बाजूला हाताने चार ओळी लिहा: हे मूल काय वाचतं, कुठली गणितं येतात, कशाला घाबरतं. तिकडच्या शिक्षकाला छापील रकान्यांपेक्षा या चार ओळींचा उपयोग जास्त होतो.

पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या, बापाकडे नको. आई ते धान्याच्या डब्यात ठेवते आणि तो डबा कोपीतली सगळ्यांत कोरडी जागा असते. त्याचा फोटो मुकादमाच्या फोनवर आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर ठेवा. पाठ्यपुस्तकंही अशाच जाड पिशवीत बांधून द्या.

मग फोन. कारखान्याचं नाव कळलं की त्या गावच्या केंद्रप्रमुखांना किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला फोन करा: "आमची सहा लेकरं तुमच्याकडे येतायत, गाडीतळावर उतरतील." गाडीतळ म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाची जागा. राज्यात २०१७पासून बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळाबाह्य लेकरांना शाळेत आणायचं, काम करणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यांच्या गटांतून हा नंबर मिळतो. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा. टोळी एका जागी राहत नाही, फड बदलला की मुक्काम बदलतो, आणि प्रत्येक बदलाला लेकरू पुन्हा शाळेबाहेर पडतं. महिनाभर सलग गैरहजर राहिलं की ते शाळाबाह्य धरलं जातं, तेव्हा दुसरा फोन त्याच्या आत झालाच पाहिजे.

पाचवं काम : कारखान्याकडच्या माणसांसाठी

कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे भागात जे हे वाचत असतील त्यांना विनंती आहे. तुमच्या शिवारात कोप्या पडल्या की पहिल्या आठवड्यात एक चक्कर मारा. सकाळी आठनंतर जा, तेव्हा आई-बाप फडात असतात आणि कोपीपाशी कोण उरलंय ते दिसतं. आई-बापाशी बोलायचं तर रात्री आठला जा, पण थोडकं बोला, माणसं पहाटेपासून उभी असतात.

लेकराला शाळेत नेल्यावर "दाखला नाही", "आधार नाही", "सत्र अर्धं झालं" ही तीन वाक्यं ऐकू येतील. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि सहा ते चौदा वयाच्या लेकरासाठी तिन्ही वाक्यांचं उत्तर त्यात आहे. कलम ५ सांगतं की राज्यातल्या राज्यात किंवा राज्याबाहेर शाळा बदलणाऱ्या मुलाचा प्रवेश दाखल्यासाठी अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे मुदत उलटली तरी प्रवेश द्यायचा. आणि कलम ९ने स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाचीच जबाबदारी ठरवली आहे. एका गावात मला तोंडावर सांगितलं गेलं, "ही पोरं चार महिन्यांची पाहुणी, आमचा निकाल खाली येतो." मी कायद्याची छापील पानं पुढे केली आणि नंतर हमी पत्रकामागच्या त्या चार ओळी वाचून दाखवल्या. दार उघडलं ते पानांनी की ओळींनी, सांगता येणार नाही. दोन्ही जवळ ठेवा.

खरी अडचण पुढे येते. गाडीतळापासून शाळेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या धावणारा रस्ता असतो. सकाळी लेकरांना गोळा करून नेणारं आणि संध्याकाळी सोडणारं एक ठरलेलं माणूस लागतं. कारखान्याच्या शेतकी विभागाला भेटा, गाडी किंवा निदान इंधन मागा, सहीशिक्क्याचं पत्र देऊन मागा. तान्ह्या भावंडांसाठी जवळच्या अंगणवाडीताईंशी बोला. मोठी मुलगी शाळेत येते की नाही हे बाळ अंगणवाडीत बसतं की नाही त्यावर असतं. बाळालाही बरोबर घेऊन ये म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. वर्गात कोपऱ्यात दुपट्यावर बाळ झोपलेलं, आणि बहीण फळ्यावर भागाकार करतेय. गैरसोय होते, पण मुलगी येते.

कर्नाटकात गेलेल्या लेकरापुढे कन्नड येतं. बेळगाव भागात मराठी शाळा आहेत, तिथे सोय होऊ शकते. बाकी ठिकाणी शाळा न मिळाल्यास आठवड्याचा अभ्यास मुकादमाच्या फोनवर पाठवा. फोन रात्रीच मोकळा मिळतो, म्हणून आवाजी निरोप दोन मिनिटांच्या वर नको.

पूर्वी कारखान्यांवर साखर शाळा चालायच्या. त्यांनी कुणाचं लक्ष नव्हतं तेव्हा फार मोलाचं काम केलं. तरी नियमित शाळेत जागा मिळत असेल तर मी नियमित शाळाच निवडेन. तिथे पोषण आहार आहे, पट आहे, आणि गावातली लेकरं सोबत बसतात.

सहावं काम : परत आल्यावरचे सहा आठवडे

पाडव्यापासून टोळ्या परतू लागतात. लेकरू पहिल्या दिवशी वर्गात आलं की पुस्तक पुढे करू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या चार पायऱ्यांवर पाच मिनिटं ऐका आणि वजाबाकी-भागाकाराची दोन उदाहरणं द्या. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा. पाचवीतलं मूल परिच्छेदाच्या गटात बसलं तर बसू द्या. रोज दोन तास एवढंच, सहा आठवडे. कलम ४मध्ये वयानुरूप वर्ग आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे, तेव्हा ही मेहेरबानी नव्हे. बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलतात. त्यांचं वाचन अडखळलं तर ते अक्षरावर अडतंय की शब्द ओळखीचा नाही, एवढं वेगळं काढा.

गणितात एक सोपी वाट आहे. ही लेकरं मोळ्या, खेपा, टन, उचलीतले फिटलेले आणि राहिलेले पैसे यांच्यात सहा महिने वावरलेली असतात. एकदा मी फळ्यावर टनाचा दर आणि खेपा मांडल्या, तर सहावीतल्या मुलाने तोंडी हिशेब करून दाखवला आणि वर सांगितलं, "बाई, यात मुकादमाचं कमिशन धरलं नाही तुम्ही."

मुलींचं वेगळं बघावं लागतं

आठवीनंतर शिक्षण हक्क कायद्याचं छत्र संपतं आणि गावातली शाळाही बहुधा तिथेच संपते. दिवाळीआधीच्या घाईत लग्नं उरकतात, कारण जोडपं झालं की आणखी एक कोयता होतो आणि मुलीला मागे ठेवायची चिंता मिटते. सातवी-आठवीच्या मुलींची वेगळी यादी ठेवा आणि पुढची शाळा, वसतिगृहाची जागा, सायकल किंवा एसटीचा पास हे जुलैतच पक्कं करा. जागा पक्की झालेली मुलगी घरात स्वतःसाठी बोलू शकते. लग्नाची कुणकुण लागली तर २००६च्या कायद्याप्रमाणे गावचे ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना कळवा, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा मोफत नंबर मुलींना तोंडपाठ करून द्या. वर्गात पाढ्यांबरोबर म्हणून घेतला तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

बाप गेलेल्या घरात आई एकटीच, अर्ध्या कोयत्यावर जाते. अशा लेकरांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे जातो. मृत्यूचा दाखला, बँक खातं, शाळेचं बोनाफाईड ही जुळवाजुळव आईला फडातून करता येत नाही, म्हणून ती गावात असतानाच करून घ्या.

पुण्या-मुंबईतून आणि परदेशातून मदत करणाऱ्यांना

दप्तरं आणि वह्या पाठवू नका, त्या आमच्याकडे भरपूर होतात. द्यायचं असेल तर वसतिगृहाच्या पहिल्या महिन्याचा किराणा द्या, संध्याकाळी बसणाऱ्या बारावी झालेल्या मुलीचं सहा महिन्यांचं मानधन द्या, किंवा गाडीतळापासून शाळेपर्यंतच्या रिक्षाचं भाडं. एका गावाला सलग तीन हंगाम द्या. फोटो मागू नका. हजेरीचा फळा मागा.

आणि गावात असाल तर पुढची वही जूनमध्येच उघडा. शाळा सुरू होते त्याच सुमारास मुकादमाच्या ओट्यावर पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू झालेली असतात. कुठलं जोडपं किती उचल घेतंय, कुणाच्या घरी नवं बाळ आलंय, कुठल्या आजीला यंदा दिसेनासं झालंय, हे तिथेच कळतं.